ठसा बिबट्याचा की तरसाचा?

नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात सुर्डी, किन्ही, पारगाव जोगेश्वरी या भागात बिबट्याने माणसे मारली. डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याला गोळी घातली गेली, पण भीती काही गेली नाही. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणाऱ्याची ती जाईल तरी कशी?

तेव्हापासून बांधावर कसलाही ठसा दिसला की 'बिबट्या आला' अशी आवई उठते. आवई रोजची झाली की खरा बिबट्या आला तरी कोणी उठत नाही. म्हणून आधी चिखलातला ठसा नीट बघा. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, त्यामुळे ठसा गोलसर आणि बिननखांचा उमटतो. तरस, लांडगा, कुत्रा यांच्या बोटांपुढे नखांच्या खुणा दिसतात. तरसाचे पुढचे पाऊल मागच्यापेक्षा मोठे असते. जनावर लांबून दिसलेच, तर अंगावर ठिपके की पट्टे एवढे पाहा. पट्टे आणि मागे उतरती पाठ म्हणजे तरस. ते बहुतेक मेलेल्या ढोरांवरच जगते, उगीच त्याच्या मागे लागू नका.

शेळी-वासरू मेले तर नरड्यावर सुळ्यांच्या खुणा आहेत का ते बघा. बिबट्या बहुधा नरडेच धरतो. मात्र मढे हलवू नका, पुरू नका. पंचनाम्याशिवाय भरपाईचे कागद पुढे सरकत नाहीत. ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा. १९२६ नंबरला पैसे पडत नाहीत. पोलीस पाटील, ग्रामसेवकांनी ठशावर घमेले पालथे घालून ठेवावे. नाहीतर वनरक्षक येईपर्यंत बघ्यांच्या पायाखाली ठसाच राहत नाही.