‘नक्की सांगता येत नाही’ हेही उत्तरच आहे

थेटच सांगतो. पक्ष्यांच्या ग्रुपवर फोटो पडल्यापासून तीन सेकंदांत जे नाव येतं, त्यावर माझा विश्वास नाही. चिखलातल्या पक्ष्यांच्या बाबतीत तर अजिबात नाही.

हिवाळ्यात आमच्या शिरूरला घोडनदीच्या काठावर या, चिंचणीच्या धरणाचा उघडा पडलेला गाळ बघा, किंवा दौंडच्या पुढे उजनीच्या फुगवट्यावर जा. रोहित कुणालाही ओळखतो. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय आणि टिटवीचा आरडाओरडा यांना पुस्तक लागत नाही. पण पाण्याच्या कडेने तुरुतुरु पळणारे ते करडे-तपकिरी पक्षी? मोबाइलचा झूम ताणून फोटो निघतो, ग्रुपवर येतो, कुणीतरी ‘वुड सँडपायपर’ लिहितं आणि खाली अंगठ्यांची रांग लागते.

कशावरून?

वुड आणि ग्रीन सँडपायपर, मराठीत दोघेही तुतवार. वुडच्या पाठीवर भरपूर ठिपके, पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत, पाय पिवळसर. ग्रीनची पाठ गडद, भुवई डोळ्यापाशीच संपते, पाय हिरवट. आता तो फोटो बघा. उन्हात ठिपके पुसले गेलेत, पाय चिखलाने माखलेत आणि भुवई उरली आहे तीन पिक्सेलची. लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्सचे पिवळट, पण गाळात सगळ्यांचेच पाय काळे. बसलेला पाणलावा कॉमन की पिनटेल, हे तर महागड्या कॅमेऱ्यालाही बऱ्याचदा सांगता येत नाही.

त्यात झूम ताणला की कमी पडलेला तपशील फोनचं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. त्या फोटोवर ॲप आपला अंदाज लावतं आणि त्यावर आपण शिक्का मारतो.

“नाव चुकलं तर कुणाचं काय बिघडतं?” असं मला विचारतात. बिघडतं. २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल ९४२ जातींचा आढावा घेतो, आणि तो उभा आहे ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर टाकलेल्या नोंदींवर. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या. २०२४ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत कर्ल्यू सँडपायपर ‘असुरक्षित’ गटात गेला. हिवाळी पिसांत, धूसर फोटोत तो डनलिनसारखा दिसतो. आपल्याकडे आतल्या भागात दोघेही क्वचितच दिसतात, म्हणून मोह मोठा. जो पक्षी कमी होतोय तो खोट्या नावांनी भरपूर दिसू लागला, तर त्याची काळजी कोण करणार?

दुसरा आक्षेप असा की, “नाव सांगितलं नाही तर नवख्यांचा हिरमोड होतो.” मला उलटं दिसतं. नुसतं नाव मिळालं की पोरं पुढच्या फोटोकडे वळतात. ‘पाय दिसत नाहीत, उडताना पाहिलास का?’ असं विचारलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा काठावर जातात.

खराब फोटो कचरा असतो, असंही मी म्हणत नाही. उडताना हललेल्या फोटोत पंखाखालचा काळा रंग आणि पाठीखालचा पांढराशुभ्र भाग दिसला, तर ग्रीन सँडपायपर पक्का. बसलेल्या पक्ष्याच्या अर्धवट फोटोपेक्षा तो फोटो जास्त बोलतो. म्हणून एकाऐवजी दहा फोटो काढा. आवाज रेकॉर्ड करा. शेपटी कशी हलत होती, एकटा होता की थव्यात, हे लगेच लिहून ठेवा. फोटोत जे नाही ते वहीत असू शकतं.

फक्त चांगल्या फोटोसाठी पक्ष्याच्या अंगावर जाऊ नका. फुगवट्यावर “दादा, होडी अजून जवळ घ्या” म्हणणारे पाहुणे दर हिवाळ्यात भेटतात. थवा उडतो, फोटो मिळतो. पण सायबेरियापर्यंत परतायला लागणारी चरबी तो पक्षी याच चिखलात चरून साठवत असतो. त्याला उगाच उडवून आपण तीच खर्च करायला लावतो.

ईबर्डवर ‘या दोघांपैकी एक’ किंवा ‘याच गटातला, जात नक्की नाही’ अशी नोंद करायची सोय मुद्दाम ठेवली आहे. ती वापरायला लाज कसली? ग्रुपच्या ॲडमिनांना माझं एवढंच मागणं आहे: नाव लिहिणाऱ्याला दर वेळी ‘कशावरून?’ विचारा, आणि उत्तर आलं नाही तर ते नाव पुढे जाऊ देऊ नका.