स्टेडियमचं फाटक आणि बाईची पर्स

मंडळी, सप्टेंबर लागला की इथे अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा मोसम सुरू होतो. (आपला फुटबॉल नव्हे, तो हेल्मेटवाला.) मुलगा किंवा मुलगी इथे शिकायला, आई-बाबा भारतातून आलेले, आणि शनिवारी सगळ्यांनी मिळून मॅचला जायचं, हे आता मराठी घरांतही सर्रास होतंय. तिकिटं काढली जातात, कॉलेजच्या रंगाचे टी-शर्ट घेतले जातात. आणि फाटकावर आईची पर्स अडते.

आधी नियम सांगतो, कारण बहुतेकांना तो फाटकावरच कळतो. टेक्सास ए अँड एम, अलाबामा, टेनेसी ही विद्यापीठं ज्या एसईसी संघटनेत आहेत, तिने २०१७ पासून आपल्या सगळ्या फुटबॉल स्टेडियमना एकच नियम लावला. पिशवी पारदर्शक हवी. १२ इंच लांब, १२ इंच उंच, ६ इंच रुंद, याहून मोठी नको. नाहीतर एक गॅलनची झिपलॉक. पारदर्शक नसलेली चालते ती फक्त साडेचार बाय साडेसहा इंचांची पर्स, म्हणजे साधारण तळहाताएवढी. पाठीवरची सॅक नाही. दुर्बीण चालते, तिची केस चालत नाही! औषधोपचाराच्या वस्तूंना सूट आहे, पण ठरावीक फाटकावर तपासणी करून. बाकीच्या विद्यापीठांत थोडाफार फरक असतो, म्हणून जिथे जाणार तिथला नियम आदल्या दिवशी बघा.

हा नियम कुणाच्या लहरीतून आलेला नाही, हेही मान्य करतो. १ ऑक्टोबर २००५ ला ओक्लाहोमा विद्यापीठात सामना चालू असताना स्टेडियमच्या अगदी जवळ एका विद्यार्थ्याच्या सॅकमधल्या स्फोटकांचा स्फोट झाला आणि तो गेला. आत ऐंशी हजारांवर माणसं होती. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनचे बॉम्बही सॅकमधूनच आले. त्याच वर्षी व्यावसायिक लीगने, म्हणजे एनएफएलने, पारदर्शक पिशवीचा नियम आणला आणि मग कॉलेजांनी तो उचलला. पहारेकऱ्याला हात न घालता आतलं दिसतं, रांग लवकर सरकते. तपासणी हवीच. त्यावर माझा वाद नाही.

पण ही तपासणी कुणाला जाचते ते बघा. पुरुषाचं काय, फोन, पाकीट, किल्ल्या जीन्सच्या खिशात, चालला आत. बाईच्या सलवार-कमीजला खिसा कुठे आहे? तळहाताएवढ्या पर्समध्ये फोन, चष्मा, बीपीच्या गोळ्या आणि सॅनिटरी पॅड एकदम बसवून दाखवा. बसत नाहीत ना? मग घ्या पारदर्शक पिशवी, आणि पॅडचं पाकीट एक लाख लोकांसमोर मिरवा. एक लाख हा बोलण्याच्या ओघातला आकडा नाही. ए अँड एमच्या काइल फील्डची क्षमता १,०२,७३३ आहे.

बरं, अडवलेली पिशवी ठेवायची कुठे? गेल्या मोसमात एका स्टेडियमच्या रांगेत (नाव घेत नाही) माझ्यापुढे एक बाई होती. कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ, खांद्यावर डायपर बॅग. पहारेकरी म्हणाला, गाडीत ठेवून या. ती बसने आली होती. सामान ठेवायची खोली नाही, लॉकर नाही, टोकन नाही. शेवटी तिने डायपर, वाइप्स आणि दुधाची बाटली कुणीतरी दिलेल्या झिपलॉकमध्ये कोंबली आणि रिकामी बॅग कुंपणाजवळच्या झुडपात सारली. तिथे आधीच चार-पाच पिशव्या पडलेल्या होत्या! बेवारस बॅगेची भीती म्हणून केलेला नियम, आणि त्याने फाटकाबाहेर बेवारस बॅगांचा ढीग लावला. अहो, आपल्याकडे साध्या देवळाबाहेर चपला ठेवायला जागा असते, टोकन मिळतं. इथे कोट्यवधी डॉलर्सचा कारभार, आणि एक फळी टाकून चार माणसं बसवता येत नाहीत?

काही जण म्हणतील, नियम वाचून यावं ना. जरूर यावं, मी वर त्यासाठीच लिहिलाय. पण नियम वाचल्याने बाळाचं सामान कमी होत नाही. वाचल्याने बसने आलेल्याला गाडी मिळत नाही, की लायब्ररीतून थेट आलेल्या विद्यार्थ्याची सॅक खोलीवर पोचत नाही.

आता म्हणू नका की एसईसीच्या हातात काही नाही. २०१७ मध्येच आर्कान्सा राज्याने परवानाधारकांना विद्यापीठांच्या आवारात लपवलेलं पिस्तूल बाळगायची मुभा देणारा कायदा केला. त्यात स्टेडियमही आलं. एसईसीने उघड हरकत घेतली, आणि काही दिवसांतच विधिमंडळाने दुसरा कायदा करून कॉलेजचे सामने त्यातून वगळले. चांगलं झालं. म्हणजे राज्याचा कायदा बदलायला लावण्याइतकं वजन या संघटनेकडे आहे. २०१९ मध्ये तिने सामान्य प्रेक्षकांना बिअर विकायची परवानगी दिली, तर ओळखपत्र तपासणाऱ्या माणसांसकट काउंटर उभे राहिले. पैसे मिळणार असले की जागा सापडते. कॉलेजचा शिक्का मारलेली पारदर्शक पिशवी विकायलाही सापडते. फक्त बॅग सांभाळायला सापडत नाही.

म्हणून, ज्यांची मुलं या विद्यापीठांत आहेत, ज्यांच्याकडे मोसमाची तिकिटं आहेत, त्यांनी क्रीडा विभागाला ईमेल करा. फार काही मागू नका. प्रत्येक मोठ्या फाटकाबाहेर टोकन देऊन बॅग ठेवायची सोय. बाळ सोबत असेल तर डायपर बॅग तपासून आत. पॅडसाठी पारदर्शक पिशवीत एक छोटा बंद कप्पा चालेल असं नियमातच लिहिणं. आणि तिकीट विकतानाच, पैसे घेण्याआधी, पिशवीचं माप ठळक दाखवणं.

येत्या शनिवारी जाणार असाल तर आईची मोठी पर्स घरीच ठेवा. तिच्या गोळ्या मूळ डबीसकट झिपलॉकमध्ये घाला, आणि इन्सुलिन असेल तर औषधांच्या तपासणीचं फाटक कुठलं ते आधी विचारून ठेवा. उन्हात स्टेडियमला अर्धी फेरी मारावी लागते, आणि ती सत्तरीच्या माणसाला झेपत नाही.