कॅमेरा, कार्टून आणि 'आपला पोरगा'

परवा शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममध्ये कडाक्याचं भांडण झालं. निमित्त काय, तर वीसेक वर्षांपूर्वीची अमेरिकेतली एक सिनेटची निवडणूक! आमचा एक सीनियर व्हर्जिनियात हर्नडनला चार वर्षं ऑनसाईट राहून नुकताच परत आलाय. त्याने डबा उघडायच्या आधी मोबाईलवर तो जुना व्हिडिओ लावला आणि म्हणाला, "बघा, आपल्या पोराने एका सिनेटरला कसा घरी बसवला!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. तिथून जे सुरू झालं ते कॉफी मशीनपर्यंत चाललं. तिथे नीट मांडता आलं नाही, म्हणून हा शनिवार त्यात घालवतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००६ साली मी चौथीत होतो, स्कॉलरशिपची पुस्तकं सोडवत होतो, त्यामुळे मीही हे सगळं नंतरच वाचलंय. जॉर्ज ॲलन हे रिपब्लिकन पक्षाचे व्हर्जिनियाचे सिनेटर. आधी गव्हर्नर होते, आणि २००८ मध्ये अध्यक्षपदासाठी उभे राहतील अशी चर्चा होती. समोर जिम वेब. व्हिएतनाम युद्धात लढलेले मरीन, रेगन यांच्या काळात नौदलाचे मंत्री, पुढे इराक युद्धाला विरोध करत डेमोक्रॅट झालेले. ११ ऑगस्टला ॲलन केंटकीच्या सीमेजवळ ब्रेक्स नावाच्या गावी सभा घेत होते. वेब यांच्या प्रचारातला एक वीस वर्षांचा भारतीय वंशाचा विद्यार्थी तिथे कॅमेरा घेऊन शूटिंग करत होता. ॲलन यांनी स्टेजवरून त्याच्याकडे बोट दाखवलं, "हा मकाका, की जे काही त्याचं नाव असेल ते" असं म्हणाले, आणि वर "अमेरिकेत तुझं स्वागत आहे" हेही सुनावलं. लोक हसले.

आता मकाका हे माकडाच्या एका जातीचं नाव, आणि आफ्रिकेतल्या युरोपीय वसाहतींत तिथल्या लोकांसाठी वापरली जाणारी शिवी. गंमत म्हणजे तो पोरगा व्हर्जिनियातच जन्मलेला आणि वाढलेला. खुद्द ॲलन यांचा जन्म कॅलिफोर्नियातला! वेब यांच्या लोकांनी ती क्लिप यूट्यूबवर टाकली. ॲलन यांनी आधी सारवासारव केली, मग माफी मागितली. नोव्हेंबरमध्ये सुमारे साडेतेवीस लाख मतांत ते ९,३०० च्या आसपास मतांनी हरले. या एका जागेमुळे सिनेट ५१ विरुद्ध ४९ असं डेमोक्रॅट्सच्या हातात गेलं.

इथपर्यंत गोष्ट झकास आहे. आमचा सीनियर इथेच थांबतो. बहुतेक जण इथेच थांबतात. मी दोन महिने मागे जातो.

जूनमध्ये वेब यांना आधी स्वतःच्याच पक्षात उमेदवारी जिंकायची होती. तिथे समोर होते हॅरिस मिलर. हे गृहस्थ कोण? अमेरिकेतल्या आयटी कंपन्यांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष. एच-वन-बी व्हिसा वाढवा म्हणून वर्षानुवर्षं वॉशिंग्टनमध्ये खटपट करणारा माणूस. म्हणजे आपल्यासारख्यांचं विमानाचं तिकीट ज्या धोरणावर निघतं, त्याचा वकील. वेब यांच्या प्रचाराने त्यांच्याविरुद्ध एक कार्टूनचं पत्रक काढलं. त्यात मिलर यांना बाकदार नाक काढलेलं, खिशातून नोटा बाहेर आलेल्या, आणि त्यांना आउटसोर्सिंगचा 'अँटीख्राइस्ट' म्हटलेलं. मिलर ज्यू आहेत. ज्यू माणूस म्हणजे बाकदार नाक आणि पैसा, हे चित्र युरोपात कुठपासून चालत आलंय आणि कुठे जाऊन पोचलं, हे शाळेतला इतिहास वाचलेल्या कुणालाही कळेल. टीका झालीच. तसा आमचा हेतू नव्हता, असं वेब यांच्या बाजूने सांगण्यात आलं.

ॲलन यांच्या बाजूनेही सुरुवातीला हेच सांगितलं गेलं होतं, बरं का. हेतू नव्हता.

आता मला सांगा, या दोन्हीत फरक काय? एकाने स्टेजवरून सावळ्या पोराकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने कागदावर नाक काढलं. दोन्हीकडे युक्ती एकच. मतदाराला सांगायचं की हा आपल्यातला नाही, तुझ्या अडचणींचं मूळ हा आहे. आणि दुसऱ्या वेळेला तर त्या 'आउटसोर्सिंग'च्या पलीकडे उभे कोण होते? आपणच की! हिंजवडीत आणि बंगळुरात रात्रीचे कॉल घेणारे आपण. त्या पत्रकात आपलं चित्र नव्हतं एवढंच.

सीनियर म्हणाला, "अरे, पण राजकारणात सगळं चालतं. सगळेच तसे." हे वाक्य मला सगळ्यात जास्त डोक्यात जातं. सगळेच तसे म्हटलं की विचार करायचं कामच संपलं. आणि ते खरंही नाही. याच निवडणुकीत दोन्ही बाजूंनी रास्त डावही टाकले आणि घाणेरडेही. वेगळे करून बघू.

कॅमेरा घेऊन सभेला जाणं रास्त. ॲलन यांचे समर्थक तेव्हा त्याला पाळत म्हणत होते. पण उघड्या सभेत उघडपणे उभं राहून शूटिंग करणं ही कसली पाळत? ॲलन स्वतःच सांगत होते की हा सगळीकडे आमच्या मागे येतो, म्हणजे लपूनछपून काहीच नव्हतं. त्या पोराने काही बनवलं नाही, काही कापलं नाही. जे बोलले ते दाखवलं.

ॲलन यांच्या बाजूचा एक डावही मी रास्त धरतो. वेब यांनी १९७९ मध्ये बायका लढू शकत नाहीत अशा अर्थाचा लेख स्वतःच्या नावाने छापला होता. नौदलाच्या अकादमीतून बाहेर पडलेल्या बायकांनी ॲलन यांच्या प्रचारात त्यावरून वेबना धारेवर धरलं. बरोबर केलं. माणूस जाहीरपणे जे लिहितो त्याचा जाब विचारायलाच हवा.

पण ऑक्टोबरच्या शेवटी त्याच ॲलन यांच्या लोकांनी वेब यांच्या कादंबऱ्यांतले लैंगिक उतारे काढून वाटले. हे फालतू. कादंबरीतलं पात्र जे करतं त्याचा जाब लेखकाला विचारायला लागलो तर आपल्याकडचे निम्मे लेखक तुरुंगात जातील.

म्हणजे माझी कसोटी साधी आहे. समोरच्याने स्वतः जे केलं, जे म्हटलं, ते पूर्ण दाखवा. कितीही झोंबलं तरी चालेल. पण त्याचं नाक, रंग, आडनाव किंवा कल्पनेतली पात्रं पुढे करून मतं मागू नका. या कसोटीवर दोन्ही उमेदवार एकेकदा पास आणि एकेकदा नापास होतात. आपल्याला मात्र एकच नापास दिसतो, कारण दुसऱ्या वेळी ज्याच्याकडे बोट होतं तो 'आपला पोरगा' नव्हता.

"पण बहुमत महत्त्वाचं होतं, युद्ध चालू होतं" असंही म्हणून झालं. मान्य. मी तिथला मतदार असतो तर नोव्हेंबरमध्ये बहुधा वेबनाच मत दिलं असतं. मत देणं वेगळं आणि पत्रकाकडे काणाडोळा करणं वेगळं. जो जिंकावा असं वाटतं त्यालाच आधी विचारायला हवं, की बाबा रे, हे नाक कुणी काढलं?

आणि हे मी सोवळं नेसून सांगत नाहीये. कॉलेजात असताना निवडणुकीच्या दिवसांत परप्रांतीयांची टिंगल करणारं एक कार्टून मी हसत हसत ग्रुपवर फॉरवर्ड केलं होतं. माझा बिहारचा रूममेट त्याच ग्रुपवर होता. तो काही बोलला नाही. रात्री मेसला मात्र एकटाच गेला. त्याला सॉरी म्हणायला मला पूर्ण सेमिस्टर लागलं. ब्रेक्सच्या त्या सभेत हसणारे लोक मी व्हिडिओत ऐकले, तेव्हा मला आधी तो आठवला, नंतर तो कॅमेरावाला.

असो. ॲलन २०१२ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि टिम केन यांच्याकडून पुन्हा हरले. वेब एक टर्म करून बाजूला झाले. सीनियरला सोमवारी मी त्या पत्रकाची गोष्ट पुन्हा सांगणार आहे, या वेळी डबा खाऊन झाल्यावर. तो चिडेल. चिडू दे. पुढच्या वेळी व्हिडिओ लावताना त्याने दोन्ही गोष्टी सांगाव्यात, एवढंच माझं म्हणणं आहे.