अंधांच्या हाती अर्धीच काठी

बारडोलीचे नाव उच्चारताच १९२८ सालच्या साराबंदीच्या लढ्याचे स्मरण होते. मुंबई सरकारने तेथील शेतसारा २२ टक्क्यांनी वाढविला, वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरण्याचे नाकारले आणि अखेर ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशीत सहा टक्क्यांच्या आसपासची वाढच काय ती रास्त ठरली. या लढ्याची एक बाजू क्वचितच सांगितली जाते. गावोगाव ‘सत्याग्रह पत्रिका’ पोहोचत असे. आणि ज्याला अक्षरओळख नव्हती त्याला ती दुसरा कोणी मोठ्याने वाचून दाखवीत असे. वाचून दाखविणारा प्रामाणिक असेल, तर ऐकणारा हा वाचणाऱ्याइतकाच जाणता नागरिक होऊ शकतो, हे बारडोलीने दाखवून दिले.

आज वाचून दाखविणारा तो माणूस दृष्टिहीनांच्या खिशात आला आहे. पडद्यावरील मजकूर आवाजात सांगणाऱ्या या सोयीला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. २००९ साली आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आणि अँड्रॉइड फोनांत ‘टॉकबॅक’ आले, आणि गुळगुळीत काचेचा फोन अंध माणसालाही वापरता येऊ लागला. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक होती. त्यांच्यापैकी जे जे या सोयीमुळे स्वतःचे पत्र स्वतः वाचू लागले, त्यांच्या आयुष्यात ही क्रांतीच झाली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परंतु वाचणे वेगळे आणि लिहिणे वेगळे. काठीचे एक टोक हाती आले. दुसरे अजून जमिनीला टेकलेले नाही.

लिहिताना फोन पुढचा शब्द स्वतःच सुचवितो, ही गोष्ट आता शाळकरी मुलासही ठाऊक आहे. या सोयीचे मूळ मात्र थोड्यांना माहीत असेल. नऊ कळांवरून शब्द ओळखणारी ‘टी-नाइन’ पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेत मार्टिन किंग आणि क्लिफ कुशलर यांनी विकसित केली. ज्यांना बोलता येत नाही, हात हलविता येत नाहीत, अशांना नजरेच्या हालचालीने लिहिता यावे, या खटपटीतून तिचा उगम झाला. अपंगांसाठी लावलेले झाड साऱ्या जगाने सावलीसाठी वापरले, आणि त्याच झाडाखाली अंधांना मात्र उन्हात उभे राहावे लागत आहे. दैवदुर्विलास म्हणतात तो हाच!

अडचण नेमकी कोठे आहे? डोळस माणूस सुचविलेल्या तीन शब्दांवर निमिषभर नजर टाकतो आणि हवा तो उचलतो. अंध माणसाला बोट कळफलकावरून उचलून वरच्या पट्टीवर न्यावे लागते, एकेक शब्द ऐकावा लागतो, निवडावा लागतो आणि पुन्हा कळफलकावरील आपली जागा शोधावी लागते. दुसरे अक्षर दाबले की यादी बदलते. श्रम वाचविण्यासाठी निघालेली सोय अशा रीतीने श्रम वाढविते. त्याहून वाईट म्हणजे, फोन कधी कधी न विचारता शब्द दुरुस्त करतो. ती ‘दुरुस्ती’ कानावर पडली नाही, तर चुकीचा मजकूर लेखकाच्या नावाने रवाना होतो.

मराठीच्या बाबतीत हा पेच अधिकच घट्ट बसतो. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘पिक’ म्हणजे कोकीळ आणि ‘पीक’ म्हणजे शेतातले धान्य. डोळ्यांना हे भेद तत्काळ दिसतात. यंत्राच्या सपाट आवाजात ऱ्हस्व-दीर्घ एकच होऊन जातात. शब्द अक्षराअक्षराने वाचून घेता येतो हे खरे. पण प्रत्येक शब्दाची अशी झडती घेत पत्र कोण आणि केव्हा पुरे करणार? त्यातून फोनात मराठी आवाज नसला, की हिंदी आवाजच मराठी मजकूर वाचू लागतो आणि आपल्या दोन प्रकारच्या ‘च’ची नि ‘ज’ची वाट लागते.

बारडोलीसारख्या ठिकाणी तर भाषांचा संगमच आहे. तेथील सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोडीच्या हंगामात खानदेशातून मजूर येतात. सुरतेत उधना-लिंबायत भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तेथल्या अंध मराठी माणसाला दुकानाचा निरोप गुजरातीत, घरचा मराठीत आणि बँकेचा इंग्रजीत येणार. तीन लिप्या, तीन आवाज, तीन कळफलक! आणि घरचा निरोप रोमन अक्षरांत लिहिलेला असेल, तर इंग्रजी आवाज त्या मराठीची जी दशा करतो ती ऐकवत नाही.

‘मग बोलूनच लिहावे,’ असे कोणी सुचवील. पण बँकेतील व्यवहार, आजाराची हकीकत, घरातील कलह या गोष्टी चारचौघांत मोठ्याने बोलायच्या काय? ‘ब्रेल वापरावे,’ असे दुसरा म्हणेल. २०२० मध्ये टॉकबॅकमध्ये ब्रेल कळफलक आला, हे स्वागतार्हच आहे. तथापि प्रौढ वयात दृष्टी गमावलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. खासगी पत्र खासगीपणे आणि बिनचूक लिहिता येणे हा चैनीचा विषय नव्हे. तो स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

कायदा याबाबत मुका नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या ४२ व्या कलमाने नित्य वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असावीत, यासाठी शासनाने पावले उचलावीत असे सांगितले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा दिला. आता उणीव आहे ती अंमलबजावणीची. सरकारी खरेदीतील प्रत्येक फोन व प्रत्येक सरकारी ॲप अंध मराठी माणसाच्या हाती देऊन पारखल्याखेरीज स्वीकारू नये. सुचविलेला शब्द ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणेसह ऐकविण्याची आणि आपोआप झालेली दुरुस्ती स्पष्ट सांगण्याची सोय मराठीत द्यावी, असे कंपन्यांनाही ठणकावून सांगितले पाहिजे.

पण सर्व भार सरकारवर टाकून आपण मोकळे होणे बरे नव्हे. अंध स्नेह्याला निरोप पाठविताना तो देवनागरीत लिहावा. सूचनापत्राचे केवळ छायाचित्र न पाठविता सोबत मजकूरही द्यावा. त्याच्या पत्रात ‘दीन’चा ‘दिन’ झाला तर हसू नये. यास पैसा लागत नाही, कायदा लागत नाही. बारडोलीच्या चावडीवर पत्रिका वाचून दाखविणाऱ्याने शेजाऱ्याला केवळ बातमी दिली नव्हती. लढ्यात बरोबरीचे स्थान दिले होते. तेवढेच स्थान आज पाच मराठी अक्षरे निर्वेधपणे लिहू पाहणाऱ्या अंध नागरिकाला हवे आहे. ते त्याचे देणे आहे, उपकार नव्हे.