विश्लेषण : फोर-व्हील ड्राइव्ह एसयूव्हीलाही हिवाळी टायर का लागतात?

जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर योग्य टायर नसलेली गाडी चालवली, तर किमान ६० युरो दंड होतो. योग्य टायर कोणता, याचा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून कडक झाला आहे. पूर्वी ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, एवढी खूण चालायची. आता तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्हच हवे. जुनी खूण कंपनी चाचणीशिवाय छापू शकते. नव्या चिन्हासाठी टायरला बर्फावर चाचणी द्यावी लागते.

गोंधळ होतो तो एसयूव्हीवाल्यांचा. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी बर्फातून झटकन निघते आणि पकड उत्तम आहे असे वाटते. पण ब्रेक साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांना असतात! थांबताना आणि वळताना भिस्त टायरवरच असते, त्यात एसयूव्हीचे वजन जास्त. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते, त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात.

म्युनिक किंवा स्टुटगार्टला नोकरीसाठी गेलेल्या मराठी मंडळींनी जुनी एसयूव्ही घेताना म्हणूनच टायरची बाजू वाचावी. हिमकणाचे चिन्ह असलेला ऑल-सीझन टायरही कायद्याला चालतो. खाचांची खोली कायद्याने १.६ मिलीमीटर पुरते, पण तिथली वाहनचालकांची संघटना एडीएसी हिवाळ्यासाठी ४ मिलीमीटर सुचवते. शिवाय गाडीच्या कागदपत्रांतला भार निर्देशांकही जुळायला हवा.