सोडा आणि पारा



पावसाळ्यात आमच्या अहेरीत तापाचे दिवस सुरू झाले, की घरोघरी थर्मामीटर बाहेर निघतो. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या घरी काचेचा थर्मामीटर फुटला. चांदीसारखे गोळे जमिनीवर पळू लागले! धाकटा ते बोटांनी पकडायला बसला. मी झाडू घेऊन धावले, तर आजी म्हणाल्या, "बाई, आधी पोराला सोड्याचं पाणी पाजा, विष उतरेल."

आमचं दोघींचंही चुकत होतं. झाडूनं पाऱ्याचे आणखी बारीक थेंब होतात, वाफ वाढते आणि ती श्वासातून शरीरात जाते.

आणि सोडा? खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्यावर लिंबू पिळलं, की तो फसफसतो, कारण तो आम्लाचा जोर मोडतो. आपल्या रक्तातही बायकार्बोनेट हेच काम करतं. त्याचा साठा मूत्रपिंडं सांभाळतात. मर्क्युरिक क्लोराइडसारखा पाऱ्याचा क्षार पोटात गेला, तर घाव मूत्रपिंडांवरच बसतो. अमेरिकेतल्या डॉ. विल्यम मॅकनायडर यांनी १९१८ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं, की या विषबाधेत मूत्रपिंडं बिघडतात, तशी शरीरात आम्लताही वाढते. त्या काळी डॉक्टर अशा रोग्यांना सोडा देऊन बघत.

मग सोड्यानं पारा निघून जातो का? नाही! कौल फुटून घरात पाणी आलं, तर आपण ते उपसतो. पण कौल बदललं नाही, तर पाणी येतच राहणार. सोडा फक्त उपसतो. पाऱ्याला धरायला गंधक लागतं. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी आर्सेनिकच्या युद्धवायूवर औषध शोधलं. त्यातलं गंधक पाऱ्यालाही घट्ट पकडतं. पण ते द्यायचं की नाही, हे डॉक्टरच ठरवतात.

म्हणून थर्मामीटर फुटला, तर लगेच मोठ्यांना सांगा. पाऱ्याला हात लावू नका, दुसऱ्या खोलीत जा. पालकहो, खिडक्या उघडा, दोन पुठ्ठ्यांनी थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. मोरीत ओतू नका. पारा कुणाच्या पोटात गेला असेल किंवा त्रास वाटला, तर सरळ दवाखाना गाठा.

धाकट्याला डॉक्टरांनी तपासलं. तो ठणठणीत आहे. आजी हसून म्हणाल्या, "मग सोडा आता भज्यांतच घालते!"

तुमच्या घरचा थर्मामीटर काचेचा आहे की डिजिटल? आजच बघून ठेवा हं!