आजीला कळेल तो पेपर

मागच्या मे महिन्यात माझा मावसभाऊ जुन्या शहरातल्या आमच्या घरी थिऑलॉजीच्या परीक्षेची तयारी करत होता. अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत असेल. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कूलरसमोर चटई, चटईवर झेरॉक्सचे गठ्ठे, त्यांवर पिवळ्या हायलायटरच्या रेघा. तो कॅथलिक धर्मगुरू व्हायला निघाला आहे. सेमिनरीत त्याला सगळे 'ब्रदर' म्हणतात, घरी तो अजून पोट्टाच आहे. एक पेपर राहिला होता आणि तो पुन्हा द्यायचा होता. विषय त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, हा.

आजी शेंगा फोडत बसली होती. तिने सहज विचारलं, "म्हणजे कसं बापा? एकच माणूस घरी बाप असते, वावरात मजूर असते, मिस्सेले गेला का भक्त असते, तसंच ना?"

पोट्टा हसला. "नाही आजी. तसं मनलं तं गडबड होते. एकच जण तीन सोंगं घेऊन राह्यला, असं होते थे. मंग बाप पोरावर माया करते, हे खोटंच झालं ना? सोंग सोंगावर माया कशी करन? माया कराले दुसरं कोणी लागते. देवातच माया हाये, मनून देव एकटा नाही. अन् थे माया एवढी पक्की हाये का तिघांचे तीन देव होत नाहीत."

आजीने दोन शेंगा फोडेपर्यंत विचार केला. म्हणाली, "हे फादरनं कधी सांगितलं नाही."

तुमच्या लक्षात आलं का त्याने काय केलं? तिसऱ्या शतकात रोममध्ये सॅबेलियस नावाच्या माणसाच्या नावावर नोंदलेली जी चूक चर्चने पाखंड ठरवली, ती आजीच्या तोंडून ऐकताक्षणी त्याने ओळखली. ती का चूक आहे हे सांगितलं. मग संत ऑगस्टिनने 'प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम आहे तो, आणि प्रेम' अशी जी मांडणी केली, तिच्या अंगणात आजीला नेऊन उभं केलं. तेही वऱ्हाडीत, दोन मिनिटांत.

याच प्रश्नावर तो नापास झाला होता. मी विचारलं, उत्तरात काय लिहिलं होतंस? म्हणाला, "दादा, पाठ केलेल्या चार ओळी लिहिल्या. पाचवी आठवली नाही. स्वतःच्या मनाची लिहायची तर इंग्रजी चालत नाही."

माझं भांडण या ठिकाणी सुरू होतं.

आधी वाचकांसाठी थोडं. धर्मगुरू होणं म्हणजे पांढरा झगा चढवून मोकळं होणं असा समज असेल तर तो काढून टाका. तत्त्वज्ञानाचा अभ्यास, मग काही वर्षं थिऑलॉजी. बायबलचा जुना आणि नवा करार, ख्रिस्तशास्त्र, त्रैक्य, संस्कार, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, चर्चचा कायदा. रोमची मान्यता असलेली पदवी हवी तर शेवटी या सगळ्यावर मिळून एक सर्वसमावेशक परीक्षा. पुढे शिकायचं तर दोन वर्षांचा लायसेन्शिएट, मग डॉक्टरेट. एमपीएससीवाल्या मित्रांनो, तुमच्या अभ्यासिकेतला ताण या मुलांना नवा नाही. फरक एवढाच की त्यांच्या तयारीबद्दल कोणी रील करत नाही.

आणि ही परीक्षा इंग्रजीत असते. पुण्यात नगर रोडला ज्ञानदीप विद्यापीठ आहे, मुंबईत गोरेगावला सेंट पायस टेन्थ आहे. दोन्ही महाराष्ट्रात, दोन्हीकडे शिक्षणाची भाषा इंग्रजी. मी त्यांच्या दर्जावर बोट ठेवत नाही. तिथल्या प्राध्यापकांनी मोठं काम केलं आहे. माझा सवाल साधा आहे. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत लिहून माणूस कलेक्टर होऊ शकतो. नीट मराठीत देऊन डॉक्टर व्हायच्या रांगेत उभा राहू शकतो. मग अकोल्याच्या आजीला देवाबद्दल सांगायचं काम ज्याला करायचं आहे, त्याचा पेपर मराठीत का नाही?

यावर जी उत्तरं मिळतात ती एकेक करून पाहू.

पहिलं उत्तर: वर्गात झारखंडचा मुलगा असतो, तामिळनाडूचा असतो, नागालँडचा असतो. एक समान भाषा लागते. बरोबर. वर्ग इंग्रजीत घ्या. पण उत्तरपत्रिका वर्गाने मिळून लिहायची नसते, ती एकट्याने लिहायची असते. तपासायला मराठी जाणणारे धर्मगुरू-प्राध्यापक नाहीत असं कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा वसईला जाऊन यावं. रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात वर्ग मुख्यतः इटालियनमध्ये होतात, पण विद्यार्थी इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन अशा भाषांतून परीक्षा देऊ शकतात. जे रोमला जमतं ते पुण्याला जड का जावं?

दुसरं उत्तर: रोमला लॅटिन लागते, युरोपीय भाषा लागतात, मराठीने काय होणार? लॅटिन जरूर शिकवा. मूळ ग्रंथ वाचता आले पाहिजेत. पण या हट्टाचा इतिहासही सांगा. २२ फेब्रुवारी १९६२ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी फर्मानच काढलं होतं की सेमिनरीतले मुख्य विषय लॅटिनमधूनच शिकवा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनीच बोलावलेली दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली, आणि ४ डिसेंबर १९६३ रोजी तिने उपासनेत लोकभाषांना दार उघडलं. लॅटिनच्या वर्गांचा आग्रह काही वर्षांत विरून गेला. मिस्सा मराठीत आली. आजीला वेदीवरचे शब्द कळू लागले. पण ज्या खोलीत त्या शब्दांचा अर्थ लावायला शिकवतात, तिथे लॅटिनच्या खुर्चीवर इंग्रजी येऊन बसली आणि आपण टाळ्या वाजवल्या.

तिसरं उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं: मराठीत परिभाषा नाही. अहो, लॅटिनमध्ये तरी कुठे होती? नवा करार ग्रीक. सुरुवातीचे मोठे वाद ग्रीकमध्ये. इसवी सन २००च्या आसपास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा टर्टुलियन आपल्या लोकांच्या लॅटिनमध्ये लिहायला बसला आणि 'त्रिनितास' हा शब्द तिथे रुजवला. ऑगस्टिनला ग्रीकचा कंटाळा होता, हे त्याने स्वतःच कबूल केलं आहे. आजच्या नियमाने ग्रीकमध्ये पेपर द्यायला लावला असता तर या महापुरुषालाही 'पुन्हा बसा' म्हणून सांगावं लागलं असतं. परिभाषा आधी आणि लिखाण नंतर असं जगात कुठेच झालेलं नाही. लोक लिहितात, चुकतात, भांडतात, मग शब्द ठरतो. परीक्षेत मराठी नसेल तर शब्द कोण घडवणार? आणि मराठीची पाटी कोरीही नाही. त्रैक्य, तारण, कृपा, ख्रिस्तप्रसाद, रुग्णाभ्यंग हे शब्द रोजच्या वापरात आहेत.

चौथं उत्तर: मराठीत पुस्तकं नाहीत. थोडी आहेत, फार कमी आहेत, हे खरं. पण मागणी नसलेल्या बाजारात माल कोण आणणार? फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' केलं. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू म्हणून त्यांना विरोधही झाला, पण मराठीने त्यांना अध्यक्षपद दिलं. म्हणजे मराठी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर कॅथलिक धर्मगुरू बोलू शकतो, आणि ज्या भाषेत तो बोलला त्या भाषेत त्याच्या मागून येणाऱ्या मुलाला पेपर लिहिता येत नाही. २०२४ मध्ये दिब्रिटो गेले. श्रद्धांजलीचे लेख भरपूर आले. त्यांच्या कामाला पुढे नेणारा एक प्रश्नपत्रिकेतला पर्याय आला असता तर जास्त बरं वाटलं असतं.

आता जरा मागे जाऊ. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. इथली भाषा शिकला. १६१६ मध्ये त्याचं 'ख्रिस्तपुराण' राचोलला छापलं गेलं: मराठीत, ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्या. ज्याची मातृभाषाच इंग्रजी होती त्याला थिऑलॉजी मराठीत सांगावीशी वाटली. मदुराईत रॉबर्टो दे नोबिली या इटालियन जेझुइटाने तामिळ आणि संस्कृत आत्मसात करून तामिळमध्ये धर्मग्रंथ लिहिले. पुण्यातल्या जेझुइटांच्या कॉलेजला याच दे नोबिलीचं नाव आहे! आणि उलट उदाहरणही आहे. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की स्थानिक भाषा टाका, तीन वर्षांत पोर्तुगीज बोला. आपला वारसा कोणता, स्टीफन्सचा की व्हाइसरॉयचा? हे एकदा ठरवून टाका.

आणि वऱ्हाडच्या माणसाला तर हे शिकायला गोव्याला जायचीही गरज नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकात म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' इथे आकाराला आलं. महानुभाव पंथात केशोबास नावाचा विद्वान शिष्य होता, संस्कृतात लिहिणारा. नागदेवाचार्यांनी त्याला रोखलं. संस्कृतात लिहिलंस तर पंथातल्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, अशी त्यांची हरकत होती. 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात हा प्रसंग आहे. धर्म वेगळा, काळ वेगळा. पण सातशे वर्षांपूर्वी इथल्या एका आचार्याला जे कळलं ते आजच्या परीक्षा मंडळांना कळू नये? विद्वानांच्या भाषेत लिहिल्याने विद्वत्ता वाढते की नाही, यावर त्यांचा वाद नव्हताच. कोण बाहेर राहतं, एवढंच त्यांनी पाहिलं. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून मराठीला अभिजात दर्जा आहे.

माझ्या बाजूतली एक अडचण मीच सांगतो, नाहीतर कोणीतरी कॉमेंटमध्ये सांगेलच. मराठी म्हणजे कोणाची मराठी? माझ्या भावाची वऱ्हाडी सदाशिव पेठेत चालत नाही. आणि अमरावती धर्मप्रांतातल्या मेळघाटात कोरकू बोलणारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी प्रमाण मराठी हीच इंग्रजीसारखी दाराआड उभी आहे. मान्य. म्हणून माझी मागणी 'इंग्रजी हटवा, मराठी बसवा' अशी नाही. एक फर्मान काढून दुसरं लावण्यात अर्थ नाही.

मागणी तीन ओळींची आहे. एक, ज्याला हवं त्याला उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा द्या. दोन, तोंडी परीक्षेचा एक भाग सगळ्यांसाठी सक्तीचा करा. तुम्ही जिथे सेवा करणार तिथल्या बोलीत, मग ती वऱ्हाडी असो, सामवेदी असो की कोरकू, एक सिद्धान्त समजावून सांगा. फडाफड इंग्रजी बोलणाऱ्यालाही हे करावं लागेल, आणि मग कळेल कोण किती पाण्यात आहे. तीन, असे चांगले मराठी पेपर जपून ठेवा, छापा. दहा वर्षांत पाठ्यपुस्तक तयार होईल, परिभाषा आपोआप बसेल.

हे झालं नाही तर काय होतं ते मी पाहिलं आहे. हुशार मुलगा चार ओळी पाठ करतो. पास झाला तर त्याच चार ओळी भाषांतर करून रविवारी वाचून दाखवतो. लोक घड्याळ पाहतात. नापास झाला तर त्याला वाटतं की आपल्याला देव कळतच नाही. या दुसऱ्या गोष्टीचा मला जास्त राग येतो. इंग्रजी न येणं ही उणीव आहे, ती भरून काढता येते. पण भाषेत अडकलेल्या माणसाला 'तुझी श्रद्धाच कच्ची' असं वाटायला लावणं हा अन्याय आहे, आणि गुणपत्रिकेवर तो कुठेच दिसत नाही.

पेपल सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला पोप तेरावे लिओ यांच्या पुढाकाराने स्थापन झाली, ती याच विचाराने की भारताला तारणाची गोष्ट भारताच्याच मुलांनी सांगावी. १९५५ मध्ये ती पुण्याला आली. योगायोग असा की अमरावती धर्मप्रांतही १९५५ चाच. मुलं आपली हवीत, हे सव्वाशे वर्षांपूर्वी ठरलं. मुलं बोलणार ती भाषाही आपली हवी, हे ठरायचं अजून बाकी आहे.

माझ्या भावाने त्या मे महिन्यात शेवटी एक युक्ती केली. रोज संध्याकाळी तो आजीसमोर बसून एकेक प्रश्न वऱ्हाडीत सांगायचा, मी ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचो, आणि रात्री आम्ही दोघं मिळून त्याचं इंग्रजी करायचो. एकूण बावीस प्रश्न झाले. आजी अधूनमधून अडवायची, "हे नाही समजलं, पुन्हा सांग." जिथे ती अडवायची तिथे त्याचंही कच्चं निघायचं. इतकी कडक परीक्षक त्याला सेमिनरीत भेटली नव्हती.

पेपर त्याने दिला. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. कोणत्याही परीक्षा मंडळाला ऐकायचं असेल तर मी पाठवतो. फक्त ऐकायला मराठी येणारा माणूस बसवा.